सवतीच्या नावे काहीही नाही

चि. प्रीतम आणि चि. यशोधरा, जयभीम.

आधी तब्येती, मग मालमत्ता. प्रीतम, तुझा खांदा कसा आहे? कॅल्गरीत बर्फ पडला की तू एका दमात सगळा ड्राइव्हवे शोव्हल करतोस आणि मग आठवडाभर फोनवर कण्हतोस. यशोधरा, तुझं बीपी? ओकव्हिलच्या स्टेशनवर गो ट्रेनमागे धावू नकोस, मागून दुसरी येते. जावईबापू देवेशराव, साखर कशी आहे? "फाइन" हे उत्तर नको, आकडा सांगा. सलोनी बाळा, गुडघा बरा झाला का? सॉकर सोड असं आजी म्हणणार नाही. असं सांगून उपयोग होत नाही, हे मला या घरात फार आधी कळलं. तुमच्या बाबांची तब्येत तुम्ही पाहताच. माझी डॉक्टरने पाहिली, म्हणून लिहायला बसले.

मी, गंगुबाई बबन शंभरकर, राहणार ब्रॉसार्ड, शाळा चौथीपर्यंत आणि पुढचं सारं आपल्या आपण वाचून शिकलेली, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो, पण तो फक्त लिहिताना. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी गोड बोलून वळवलेलं नाही. हाच मजकूर नोटरीबाई फ्रेंचमध्ये करून देणार आहेत. त्याआधी तुम्ही वाचावा.

कलम पहिले, घर. ब्रॉसार्डचं घर तुम्हा दोघांचं, सारखं. पण बाबा आहेत तोवर ते विकायचं नाही आणि त्यांना इथून हलवायचं नाही. प्रीतम, तू मागच्या खेपेला म्हणालास, "आई, कॅल्गरीत मेमरी केअरची छान जागा आहे. स्टाफला खूप पेशन्स आहे, सगळं इंग्लिशमध्ये एक्सप्लेन करतात." अरे, त्यांचं इंग्रजी केव्हाच गेलं. मराठी अर्धं राहिलं आहे. रशियन मात्र तेवढंच ठणठणीत आहे. कुणामुळे, ते पुढे येतंच आहे.

कलम दुसरे, सोनं. माझी एकदाणी सलोनीला. ती तुझ्या आजोबांनी मला भिलाईत घेतली, तेव्हा मी हरखून गेले होते. मग कळलं की त्या साली ‘ती’ पहिल्यांदाच सगळ्यात वरच्या वर्गात खेळत होती आणि साहेब त्या खुशीत होते. म्हणजे माझ्या गळ्यातलं सोनंसुद्धा तिच्या उपकाराचं. तरी घाल, पोरी. सोन्याचा काय दोष?

कलम तिसरे, ती. सलोनी आणि देवेशरावांना पुरतं माहीत नाही म्हणून लिहिते. लग्नाआधी तुमच्या बाबांना भिलाईच्या पोलाद कारखान्याने ओतकाम शिकायला रशियात पाठवलं होतं. गावाचं नाव झारेचन्स्क. तिथल्या ओतशाळेच्या कामगारांनी काढलेला फुटबॉलचा क्लब, त्याचं नाव लितेयेत्स, म्हणजे आपल्या भाषेत ओतारी. एक हिवाळा बाबा नदीकाठच्या मैदानावर त्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तिथेच अडकले ते अडकलेच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. लग्न होऊन काही महिनेच झाले होते. क्वार्टरच्या ओट्यावर शेजारच्यांशी बोलताना हे म्हणाले, "ती खाली गेली रे. एवढी चांगली होती, पार घसरली. जीव लागत नाही माझा." मी आत भाकरी थापत होते, ती तव्यावरच काळी झाली. मी ट्रंक भरली आणि सरळ नागपूरला बापाच्या घरी आले.

चौथ्या दिवशी हे दारात.

"काहून आली वं न सांगता?"

"तिच्याकडे जा. घसरली आहे ना ती, उचला तिला."

बाबांनी खिशातून एक फोटो काढला. "हे पाय, नीट बघ. हेच ती."

फोटोत आखूड चड्ड्या घातलेले अकरा बापे! रशियन भाषेत टीमला बाईमाणसासारखं बोलतात, आपल्यातही टीम ‘ती’च, पण तेव्हा मला टीम हा शब्द कुठे ठाऊक? खालच्या वर्गात ढकलली गेली म्हणून ‘खाली गेली’. माझे वडील पोट धरून हसले. मी नाही हसले. एक सवत असती तर भांडून हुसकली असती. या अकराजणींचं काय करणार होते?

आणि कितीदा बदलल्या त्या! पण बाबांनी पाठ केली ती पहिलीच फळी. गोलवर सुखारेव. मला ते सुखदेव ऐकू आलं, म्हटलं चला, एक तरी आपल्यातला आहे. मागे द्योमिन, तुमानोव, दोघे लापिन भाऊ. मग मधले, मग पुढचे, आणि शेवटी डावीकडून पळणारा तो लंगडा बोरिन. पुढे त्यांचा देश मोडला, ओतशाळा बंद पडली, क्लब एका पाइप कंपनीने घेतला, नाव बदललं, परत जुनं नाव आलं. आता गोलवर कुणी विशीतला पोरगा आहे आणि पुढे एक ब्राझीलचा, त्याला थंडी सोसत नाही. हे मला काय करायचं आहे, सांगा! पण माझ्या डोक्यात ते आहे, आणि माझ्या बहिणीच्या नातवंडांची नावं नाहीत.

कलम चौथे, मफलर. लाल-काळा मफलर बाबांच्या गळ्यातच राहू द्यावा. माझ्या साड्या मशीनमध्ये आणि तिचा मफलर थंड पाण्यात हाताने, असा या घराचा कायदा होता. मूळचा विरला तेव्हा दुसरा मीच विणला. सवतीचं लुगडं मी विणलं, याची नोंद असावी. शिवणयंत्र यशोधराला. बर्फाचं फावडं देवेशरावांना, व्यायाम होईल.

कलम पाचवे, ल्युदमिलाबाई. बाई आठवड्यातून तीनदा बाबांना सांभाळायला येतात. मूळच्या त्याच देशाच्या. दार उघडलं की बाबा खुलतात. दोघं रशियनमध्ये काय काय बोलतात आणि खिदळतात, मी आपली चहा ओतते. मागे तिने बाबांना ती जुनी फळी विचारली. घडाघडा अकराच्या अकरा नावं, एक चूक नाही. बाई टाळ्या वाजवायला लागली. मग माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, ही कोण?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगली आहे बाई," रशियनमध्येच म्हणाले, तेवढं मलाही कळतं. "रोज येते."

त्या दिवशी मी बेसमेंटमध्ये जाऊन कपड्यांच्या घड्या करत बसले. सुखारेव आठवतो, लंगडा बोरिन आठवतो! बोरिनने यांना कधी अंघोळ घातली आहे का?

ल्युदमिलाबाईला मी साक्षीदारच करणार होते, कारण नोटरीबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये. म्हटलं साक्ष घ्यावी, म्हणजे काही द्यायला नको. पण नंतर विचार केला. माझ्या मागे यांना हसवणारं दुसरं कोण आहे? तेव्हा माझ्या बँकेतल्या शिलकीतून आधी तिचा पगार, बाबा आहेत तोवर. उरेल ते तुम्हा दोघांना. माझी लोखंडी कढईही तिला द्यावी. ती कढईत वांगं कच्चं ठेवते, हे कुणीतरी तिला प्रेमाने सांगा.

त्या क्लबाच्या नावे मी काहीही ठेवत नाही. तिने माझं पुरेसं घेतलं आहे.

कलम शेवटचे. हे नीट वाचा. मागच्या वर्षी जूनमध्ये बाबांनी कॅल्गरीला फोन लावला होता, आठवतं का, प्रीतम? "ती वर गेली! वर गेली रे!" एवढंच ओरडले आणि आनंदाने रडायला लागले. तू पुढचं न ऐकता मिळेल ते विमान धरलंस. डोळे सुजवून दारात आलास, तर मी पुऱ्या तळत होते. तू मला मिठी मारलीस आणि मग बाबांवर ओरडलास, "ओ माय गॉड बाबा, फुटबॉल?!" बाबा मफलर गरगर फिरवत होते, कारण ती खालच्या वर्गातून एक पायरी वर चढली होती. त्या दिवशी मला खूप राग आला. माझ्या दोन बाळंतपणांत हा माणूस असा नाचला नव्हता.

आता बाबा रोज एकच विचारतात, "ती कुठे आहे?" मी समोर बसलेली असते. मी टॅबवर बघून तिचा स्कोअर सांगते. ते मान हलवतात, पण डोळे दाराकडेच असतात. कुणाबद्दल विचारतात, मला कळत नाही. तिच्याबद्दल की माझ्याबद्दल. विचारायची हिंमतही होत नाही.

मी गेल्यावरही विचारतील. तेव्हा त्यांना स्कोअर सांगायचा नाही. रडायचं नाही, समजावत बसायचं नाही. मफलर नीट करायचा आणि सांगायचं, "बाबा, ती वर गेली."

ते नक्की टाळ्या वाजवतील. वाजवू द्या. त्या टाळ्या तिच्या नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. तेवढ्याने माझं भागेल.

आणि प्रीतम, त्या खेपेला पुऱ्यांचा वास येणार नाही. विंटर टायर लावूनच विमानतळावर जा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

सही: गंगुबाई बबन शंभरकर

साक्षीदार:
१. उल्का वासनिक, शेजारीण. (वाचताना दोनदा उठून पाणी प्यायली.)
२. परीक्षित देव, उल्काच्या वरच्या मजल्यावरचे.

स्थळ: ब्रॉसार्ड, क्युबेक
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

ता. क. मृत्युपत्राला कुणी उत्तर लिहीत नाही, ठाऊक आहे. पण शेवटचं कलम दोघांना मान्य आहे की नाही, ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे. फोन नको, फोनवर तुम्ही "हो आई, हो आई" करता. दोन ओळी मराठीत, आणि लवकर लिहा.