जुनिपरच्या शेपटीची लाल फीत

सेलम, मिसुरी
९ मे १९८८

ती. व्हर्ना मावशीस,
सा. न. वि. वि.

कमरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ऑक्टोबरात एकदा घोड्यावर बसायला परवानगी दिली, हे वाचून मी स्वयंपाकघरातच नाचले. बसणार तू माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या जुनिपर घोडीवरच, हे ओघानं आलं.

पण मन खातंय. गेल्या वर्षीच्या डोंगररपेटीच्या स्पर्धेत खोगीर तू चढवून दिलंस, वर मी होते. मोठ्या उतारावर जुनिपरनं मागच्या घोड्यावर लाथ झाडली. लागली नाही, कुणी पाहिलीही नाही. मी गप्प बसले आणि शिस्तीचं बक्षीस घेऊन घरी आले! लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत हवी, म्हणजे मागचे अंतर ठेवतात, हा नियम तूच शिकवलास. जूनच्या स्पर्धेत मी ती बांधणार. पुन्हा लाथ झाडली, तर ऑक्टोबरात तुला तिच्यावर बसू देणार नाही.

शिव्या दिल्यास तरी चालेल, पण पत्र लांबलचक असू दे.

तुझी,
मार्लिस

एल्सिनोर
१४ मे

चि. मार्लिस,
अनेक आशीर्वाद.

अगं, लहानपणी बिस्किट चोरून खाल्लंस, तेव्हाही कुणी विचारायच्या आत स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होतीस. आता पंचेचाळिशीत तरी बैस की! जुनिपर आणि लाथाळ? कोंबड्या तिच्या पोटाखाली झोपतात. तरी फीत बांध, अंतर राखलेलं बरं. त्या उताराबद्दल समक्ष बोलू.

माझा जीव त्या घोडीत आहे, एवढं ध्यानात ठेव.

व्हर्ना मावशी

सेलम
६ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी माझा मूर्खपणा सांगते. फीत वाटेत सुटली तर, या धास्तीनं मी ती चिकटपट्टीचे तीन वेढे देऊन शेपटीच्या बुडाशी करकचून बांधली. सकाळभर जुनिपर कान पाडून चालत होती. मधल्या थांब्यावर दहा मिनिटं विसावूनही नाडी उतरेना. पशुवैद्य परीक्षक स्टबलफील्ड यांनी शेपूट उचलली आणि मला विचारलं, की बाई, गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कुणाला? पट्टी कापताच तिनं असा सुस्कारा सोडला, की रांगेतले सगळे हसले. गुण अर्थात माझे कापले.

मग फीत नुसत्या केसांत सैल बांधली. पुढे ओढ्यात एक नवशिका घोडा घसरून थेट तिच्या पुठ्ठ्यावर आदळला. आता लाथ बसणार, असं मला वाटलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागली! काठावरच्या परीक्षकांनी वहीत लिहून घेतलं. मी भर ओढ्यात हसत रडले.

एकच विचारते. गेल्या वर्षी त्या उतारासाठी दुमची, तो शेपटीखालचा पट्टा, कुणी आवळला होता गं?

लोभ आहेच, तो उत्तरानं कमी होणार नाही.

तुझी,
मार्लिस

एल्सिनोर
११ जून

चि. मार्लिस,
अनेक आशीर्वाद.

मीच. खोगीर पुढे सरकेल म्हणून दोन भोकं जास्त. परतल्यावर तिच्या शेपटीखाली सोललेलं दिसलं. मलम लावलं आणि गप्प बसले. तीस वर्षं परीक्षक म्हणून दुसऱ्यांचे गुण कापणारी मी! तुझं पहिलं पत्र वाचताच सगळं उमगलं, पण लिहायला धीर झाला नाही. लाथ तुला ठाऊक, पट्टा मला. दोन्ही ठाऊक होतं ते घोडीला, आणि तिनं कुणाची चुगली केली नाही.

ऑक्टोबरात येते. कॉर्नब्रेड करून ठेव, आणि ही म्हातारी जशी आहे तशी सांभाळून घे.

व्हर्ना मावशी

ता. क. लाल फीत टाकू नकोस. ती माझ्या टोपीला बांधायची आहे. सैल.