स्वेटर, वय वर्षं नऊ

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
नवं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. चार रंगांत. नऊ ते एक काम, दोन ते पाच काम, पाच ते सात फक्त कुटुंब. अठरा वर्षं लिफ्टच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे रेघा सुरेख आल्यात.

लोक म्हणतात, घरून काम करणाऱ्याचं ना घर धड, ना काम. ते लोक क्रोशे डिझायनर नाहीत. क्रोशाच्या सुईवर दोन दोन टाके एका वेळी सांभाळणाऱ्याला घर आणि काम सांभाळणं म्हणजे किस झाड की पत्ती.

बायकोने कामावर जाता जाता वेळापत्रक वाचलं. म्हणाली, साडेतीनला मुंगीला शाळेतून कोण आणणार? लेकीचं तेवढं एक राहिलं होतं. पेन्सिलीने घातलं.

४ मार्च, मंगळवार. सकाळी १०:४०.
उठायला जरा उशीर. पण मन ताजं.

मोठी बातमी लिहायची राहिली. लोकरीच्या कंपनीच्या पुस्तिकेत मुख्य डिझाइन माझं. मुलीचा स्वेटर, वय वर्षं नऊ. संपादकबाई म्हणाल्या, तुमची मुलगी नऊ वर्षांचीच आहे ना, मॉडेल घरातच! मी म्हटलं, मापंसुद्धा घरातच. वहीत टिपलेली आहेत. पुन्हा टेप लावायची गरज नाही. खरा व्यावसायिक एकदाच मोजतो.

दुपारी १२. वर्करूमच्या दाराला पाटी लावली: काम चालू आहे, आत येऊ नये, टकटक करू नये.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.
मुंगीने पाटीतून पळवाट काढली. दाराखालून चिठ्ठ्या सरकवते. आज एक आली: "बाबा, तुझं काम होईपरयंत मी इथे दाराशी बसुन वाट बघू का?" दोन चुका. लाल पेनाने "पर्यंत" आणि "बसून" केलं आणि चिठ्ठी परत सरकवली. शुद्धलेखन हेही पालकत्वच.

मग बराच वेळ चिठ्ठी आली नाही. म्हणजे मुद्दा पोचला.

१० मार्च, सोमवार.
शाळेतून आणायला किंचित उशीर झाला. साडेतीनचे पाच. बाहीचा घेर जमत आला होता, अशा वेळी सुई खाली ठेवणं म्हणजे पाप. शाळेच्या वॉचमनने तिला स्वतःची खुर्ची दिली होती आणि स्वतः फाटकाला टेकून उभा होता. मुंगीला म्हटलं, बघ, किती वेगवेगळी माणसं भेटतात तुला. ती म्हणाली, काका म्हणत होते त्यांचे गुडघे दुखतात.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, त्यामुळे घरी आल्यावर वाकत नाही. सांगून पाहिलं की सर्जनशील माणसाचा वेळ घड्याळात मोजता येत नाही. तिने विचारलं, आणि वॉचमनचा?

तुलनाच चुकीची.

१२ मार्च, बुधवार.
मुंगीने विचारलं, स्वेटर झाल्यावर मला मिळणार का? म्हटलं, नमुना कंपनीला जातो. मग पिवळा करशील का, म्हणाली. तिला समजावून सांगितलं की यंदा बाजारात राखाडी रंग चालतो, शिवाय आवड आणि धंदा यांत गल्लत करू नये. नीट ऐकून घेतलं पोरीने. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.
झाला! पुढच्या बाजूला खांबांची नक्षी अशी उतरलीय की स्वतःच स्वतःची पाठ थोपटावी.

मुंगीच्या अंगावर घालून बघायचा विचार होता. ती पोहून आली होती, केस ओले. ओल्या केसांनी लोकर फुगते. उशीला घातला. उशीला अप्रतिम बसला. चौदा फोटो काढले. मुंगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, मी केस पुसते ना. म्हटलं, उजेड जाईल.

१७ मार्च, सोमवार.
स्वेटरची कृती सात टेस्टर बायकांना पाठवली. प्रत्येकीच्या घरात नऊ वर्षांची मुलगी किंवा नात आहे. त्या विणून बघणार, चुका असल्या तर कळवणार. चुका नाहीत, पण कंपनीची पद्धत असते.

आता आठवडाभर निवांत. म्हणजे कुटुंबासाठी वेळ. उद्यापासून सुरू.

१९ मार्च, बुधवार.
उद्यापासून.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ११.
सातही टेस्टर्सची तक्रार एकच. बाही मनगटाच्या चार बोटं वर थांबते. छातीत आवळतो. गळ्यातून डोकं जात नाही.

हल्लीची मुलं. नुसतं खायचं आणि स्क्रीनसमोर बसायचं. सात घरांत सात स्थूल मुली निघाव्यात हा योगायोग नव्हे, हा समाजाचा प्रश्न आहे. सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: आपला हात घट्ट आहे, सैल सोडून विणावे.

दुपारी ३. टेस्टर्समध्ये एक निवृत्त गणिताच्या बाई आहेत. त्यांनी तक्ता पाठवला. माझे आकडे, त्यांच्या नातीचे आकडे, फरक. खाली लिहिलं होतं: "सर, फोटोत स्वेटर उशीला आहे. उशीला डोकं नसतं. तुमच्या मुलीची मापं कधी घेतली होती?"

उत्तर दिलं नाही. शिक्षकांना सवय असते, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची. मला शाळा सोडून जमाना झाला.

२५ मार्च, मंगळवार.
संपादकबाईंचा फोन. पहिल्या वाक्याला धस्स झालं, पण त्यांना मापांचं काही विचारायचं नव्हतं. पुस्तिकेच्या सुरुवातीला माझा लेख हवाय! "एका बाबाचा समतोल." घर आणि काम कसं जमवता, मुलीबरोबर वेळ कसा घालवता. आणि कव्हरवर मुंगीचा फोटो, स्वेटर घालून.

लगेच बसलो. नऊशे शब्द सलग आले. मध्ये चारदा चिठ्ठ्या आल्या म्हणून लय तुटली. शेवटी दाराखालची फट टॉवेलने बंद केली तेव्हा कुठे तो परिच्छेद जमला. तो असा: "माझ्या वर्करूमचं दार मुलीसाठी कायम उघडं असतं. तिच्या छोट्या छोट्या चिठ्ठ्या हीच माझी प्रेरणा."

वाचताना मलाच भरून आलं.

बायकोला वाचून दाखवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, टॉवेल कुठाय? एकच कोरडा होता.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी २.
बायकोने मोठं सहकार्य केलं. मुंगीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. मेव्हणीचं घर शाळेला जवळ, आणायला-सोडायला मेव्हणी आहे. मला न विचारता माझी डेडलाइन समजून घेतली तिने. लग्नाला बारा वर्षं झाली की न बोलता कळतं.

चार बॅगा नेल्या. उकाडा सुरू झालाय तरी गरम कपडे नेले. मुंगीची पुस्तकं, उशी, भिंतीवरचा प्राण्यांचा तक्तासुद्धा. बायकांचं पॅकिंग!

निघताना मुंगीने टकटक केली. नियम मोडला, पण रागावलो नाही. आतूनच म्हटलं, दहा मिनिटं. बाहेर आलो तेव्हा पाऊण तास झाला होता आणि त्या गेल्या होत्या. रिक्षा थांबत नाही ना.

३१ मार्च, सोमवार.
समतोल साधला! प्रथमच वेळापत्रक मिनिटाबरहुकूम पाळलं. नऊ ते एक, दोन ते पाच. पाचला सुई खाली. पाच ते सात कुटुंबासाठी सोफ्यावर बसलो.

सातला उठलो.

२ एप्रिल, बुधवार.
दूध संपलं की आपोआप येत नाही. ही व्यवस्था बायकोने आधी सांगायला हवी होती. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण ते फोन करून विचारलं. तिने सांगितलं. आणखी काही विचारायचंय का, म्हणाली. म्हटलं, हो, साबण कुठे. तिने तेही सांगितलं आणि फोन ठेवला.

ओट्याशी उभ्याने ब्रेड खाल्ला. बसून खाण्यात उगीच वेळ जातो.

५ एप्रिल, शनिवार.
संपादकबाईंना कव्हरचा फोटो दहा तारखेच्या आत हवा. बायकोला फोन केला: मुंगीला तासाभरासाठी पाठव. ती म्हणाली, ती काय पार्सल आहे? तू ये.

जायला हवं. कामासाठी माणसाला काय काय करावं लागतं.

९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी.
मेव्हणीकडे जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

मुंगीने केस विंचरून ठेवले होते, कोरडे. मला बघून हात वर करूनच उभी राहिली. मी स्वेटर डोक्यावरून घातला. कपाळापर्यंत गेला. म्हटलं, जरा जोर लाव. तिने लावला. कान अडकले. मी ओढला, ती आतून म्हणाली, "ओढ बाबा, मी श्वास धरलाय." मग डोकं निघालं पण खांदे अडकले. दोन्ही हात वर, कोपरं आत, ना पुढे ना मागे. आतून म्हणाली, "मी पोट आत घेते, मग बसेल." पोटाचा काही संबंध नव्हता.

बायकोने मला बाजूला केलं आणि हळूहळू सोडवलं. पेशंटला करतात तसं. मुंगी बाहेर आली तेव्हा कान लालबुंद होते. स्वेटरकडे बघितलं, फाटला नाही ना म्हणून. मला म्हणाली, "सॉरी बाबा."

म्हटलं, असू दे, होतं असं.

बायकोने माझ्या पिशवीतून टेप काढला. मुंगीला भिंतीशी उभं केलं. छाती, खांदा, बाही, डोक्याचा घेर. ती आकडे सांगत गेली, मी वहीत जुन्या आकड्यांसमोर लिहीत गेलो. एकही जुळला नाही. मग म्हणाली, जुन्या मापांवरची तारीख वाच.

म्हटलं, शाई पसरलीय.

पसरली नव्हती. तीन वर्षांपूर्वी माझा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हाची मापं. मी क्रोशे शिकलो तेव्हाची. मुंगी तेव्हा सहा वर्षांची.

बायकोने वही हातात घेतली, वाचली, परत दिली. मेव्हणीने विचारलं, चहा घेणार का. नको म्हटलं. बसा म्हणालं नव्हतं कुणी.

११ एप्रिल, शुक्रवार.
संपादकबाईंचा फोन. गणिताच्या बाईंनी सगळी मापं नव्याने मांडून, गळा मोठा करून, तीन दिवसांत स्वेटर विणून पाठवला. त्यांच्या नातीला नेमका बसला. कव्हरवर ती नात. स्वेटर पिवळा. डिझाइन गणिताच्या बाईंच्या नावावर, खाली बारीक अक्षरात "मूळ कल्पना" म्हणून मी.

लेख मात्र फार आवडला म्हणे. जसाच्या तसा छापणार. वाचताना ऑफिसमध्ये दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. लेखाशेजारी फोटो हवा म्हणून त्याच नातीचा टाकतायत. वाचकाला काय कळतंय, म्हणाल्या.

सकारात्मक बघायचं तर लेखक म्हणून ही माझी सुरुवात आहे.

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी १.
बायको टेम्पो घेऊन आली. मेव्हणीच्या समोरच्या इमारतीत दोन खोल्या घेतल्यात. मला वाटलं, मुंगीच्या शाळेपुरतं. विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "दिवस नाही." मुंगीचा पलंग खोलायला तिने स्क्रू ड्रायव्हर मागितला. मला सापडेना. तिने तिच्या पर्समधून काढला.

एका माणसाने पलंगाच्या फळ्या नेल्या, तिने गादी धरली. मी दार धरलं.

मुंगी खाली टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली होती. मी गेलो. खिडकीची काच खाली केली तिने. तीन आठवड्यांत चेहरा लांबट झालाय, की आधीपासून होता, सांगता येत नाही. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "बाबा, तुमचं काम कसं चाललंय?"

मला फार बरं वाटलं. या घरात आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. सगळं सांगितलं. लेखाचं, गणिताच्या बाईंनी केलेल्या अन्यायाचं, पुढच्या कलेक्शनचं, खांबांची नक्षी तिरकी घेतली तर काय होईल ते. चांगली पंधरा मिनिटं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "अरे वा, छान." ड्रायव्हरने हॉर्न दिला. बायको मागे गादीला टेकून बसली, आणि त्या गेल्या.

दुपारी ३.
एक नोंद राहिली. मुंगी मला जन्मापासून "तू" म्हणायची. आज "तुमचं" म्हणाली. मावशीकडे राहून वळण लागलं असणार. चांगली गोष्ट आहे. वडिलांचा मान ठेवायला शिकतेय.

संध्याकाळी ६.
आत्ता आठवलं. असं ती दातांच्या डॉक्टरांशी बोलते.