तुमच्या वडाची तब्येत

आदरणीय दाजींना धर्मराजचा साष्टांग नमस्कार.

तुमची शुगर, ताईचे गुडघे आणि नाशिकच्या घराची रंगरंगोटी, तिन्ही बराबर चाललं असेल असं धरून चालतो. इकडं माणसं सगळी खुशाल आहेत. झाडाचं मात्र नीट सांगावं लागेल, म्हणून फोन न करता लिहून राह्यलो. (फोनवर तुम्ही मधेच ओरडता.)

रंगकाम होईस्तोवर सांभाळ म्हणून तो वीतभर बोन्साय वड तुम्ही आमच्या बैठकीत टीव्हीशेजारी ठेवून गेल्ते. थोड्याच दिवसांत त्याची पानं पिवळी पडली आणि टपटप गळू लागली. जाफराबादेत माझं खत-बियाण्याचं दुकान. अख्ख्या तालुक्याच्या पिकाला मी औषध देतो, आणि माझ्याच घरात तुमचा वड बोडका! बातमी गिऱ्हाईकांपर्यंत गेली. रखमाजी कपाशीवाले मुद्दाम घरी आले, कुंडी फिरवून फिरवून पाहिली आणि लाल्या पडलाय, फवारा मारा, असं सांगून गेले. (वडाला कपाशीचा रोग! पण जुनं गिऱ्हाईक, म्हणून मी मान डोलावली.)

शेवटी कुंडी उचलली, तर खालून पाणी ठिबकून राह्यलेलं. घरात चौकशी लावली. दुकानाला निघताना मी पेलाभर घालायचो, ताईची भावजय दैवशाला तांदळाचं धुवण ओतायची, आणि तुळशीला घालून उरलेला तांब्या आई रिकामा करायची. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे निर्दयी. झाड तहानेनं न्हाई दाजी, बुडून मरून राह्यलं होतं.

मंग मी वड कुंडीतून काढला, कुजलेली काळी मुळं छाटली, जाड वाळू आणि विटांचा चुरा घालून नव्या मातीत बसवला, खिडकीत उजेडाला ठेवला आणि हुकूम काढला: बोट खुपसून माती कोरडी लागल्याशिवाय थेंब घालायचा न्हाई. दैवशालानं ऐकलं. आई? एक दिवस दुपारी जेवायला आलो, तर आई पदराआड तांब्या घेऊन खिडकीशी उभी.

"आई, बिलकुल न्हाई म्हणलं होतं ना?"

"तहानेलं ठेवतो का रे त्याला? पाहुण्याचं लेकरू हाय."

"अगं, पाण्यानंच मरंल ते!"

"मंग पाणी न्हाई घालत. पण बोलू तर दे. लेकीच्या घरून वर्षात हेच एवढं आलंय."

मी तांब्या काढून घेतला आणि खुर्ची सरकवून दिली. आता ती रोज तिथं बसून त्याला सगळं सांगते. (माझ्या तक्रारी जास्त.) बाकी या घरात माझं किती चालतं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तुमचा मेव्हणा,
धर्मराज

ता. क. : वड न्यायला तुम्ही येऊ नका. तुम्ही याल, झाड उचलाल आणि अर्धा चहा टाकून निघाल. ताईला पाठवा, आणि चार दिवस तरी राहू द्या.

आणखी ता. क. : वडाला फांदीफांदीवर कोवळी पानं फुटलीत. हे ताईला बिलकुल कळू देऊ नका. तब्येत फार नाजूक आहे, जल्दी ये, एवढंच सांगा.