दगडूच्या नावाची चपटी

२ ऑक्टो. ७७, रवि.
गांधी जयंती. ड्राय डे, दुकान बंद. सकाळीच मागच्या दाराशी किसन, दगडूचा धाकटा भाऊ. डोकं भादरलेलं, घाटावरून पळत आलेला. "वैनी, पिंडाला कावळा शिवंना. लाडू ठेवला, भजी ठेवली, पोरांना सांभाळतो म्हणून हात जोडले. आई म्हणती, त्याची आवडती ठेवा."

आज दगडूचा दहावा, ठाऊक होतं. रोज कंपनी सुटली की माझ्या बाकावर बसायचा. एक चपटी घ्यायचा आणि विचारायचा, "वैनी, जेवलीस का?" हे गेल्यापासून दुसऱ्या कुणी विचारलं नाही. दुकानात येणारे बाटलीपुरतं बोलतात, न येणारे तोंड फिरवतात.

दिली काढून. पैसे कसले घेतेय.

दुपारी. ठेवल्याबरोबर कावळा शिवला म्हणे. ऐकून रडूच आलं. पण किसन मला सांगायला आला तो उरलेली बाटली घेऊन! मयताच्या नावाची घरात कशी न्यायची, म्हणून परत. शहाणाच की! दारात एक्साइजचा जवान टपलेला. पंचनामा, सह्या. दुकानाला सील.

५ ऑक्टो.
इन्स्पे. साहेबांना म्हटलं, विकली नाही, दिली. "बाई, ड्राय डेला देणंसुद्धा गुन्हाच. लायसन तुमच्या नावावर, जबाबदारी तुमची." हातात कारणे दाखवा नोटीस. तोवर लायसन निलंबित. सुनावणी पुण्याला, कलेक्टर कचेरीत. थोडक्यात सुटलं तर काही दिवस बंद, नाहीतर कायमचं रद्द.

यांच्या मागे लायसन माझ्या नावावर व्हायला चपला झिजवल्या. दुसरं येतं काय मला? तळेगावला भावजय उंबऱ्यात उभं करायची नाही. दारूवाली ना मी.

११ ऑक्टो.
वकील म्हणतो, नोकराने परस्पर दिली म्हणा, साहेब सौम्य घेतील. म्हणजे दुकानातल्या महादूला आत घालू? बारा गावचं पाणी प्यायलेला वकील आहे मेला. नाही म्हटलं. मग म्हणाला, दगडूच्या घरचं कुणी येऊन सांगू दे, विधीसाठी फुकट दिली म्हणून.

संध्याकाळी किसनला गाठलं. मान खाली. "वैनी, मी तर विकत घेतली असं लिहून दिलंय. जवानानं दाखवली तिथं सही केली. कंपनीत पर्मनंट व्हायचंय मला."
तशीच परत फिरले.

१६ ऑक्टो.
सेकंड शिफ्टच्या गाड्या गेल्या. कुणी थांबलं नाही, कशाला थांबतील. शेजारीण ओट्यावरून मोठ्यानं, "बरं झालं सील लागलं." मला ऐकू जावं म्हणूनच.
दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. भांडायला तरी कुणी यावं.

१९ ऑक्टो.
आली. चंद्रा, दगडूची बायको. दुकानावरून जाताना थुंकणारी. एकदा भर रस्त्यात मला तळतळाट दिलेला.
मागच्या दाराशी उभी. "माझ्या लाडवाला शिवला न्हाई. तुझ्या बाटलीला शिवला. व्हय?"
मी मान हलवली.
"फुकट दिलीस?"
"व्हय."
"का?"
सांगितलं. जेवलीस का विचारायचा, म्हणून. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मला कधी इचारलं न्हाई त्यानं."
आत घ्यावं की नको, कळेना. तीच आत येऊन पाटावर बसली.
"सायबाला सांगते, फुकट दिली. पिंडासाठी दिली. खरं हाय ते. पण त्याच तोंडानं सांगणार, हिचं दुकान पुन्हा उघडू नका. तेबी खरं हाय. नेतीस मला?"
अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच साक्षीदारानं माझंच... म्हटलं, चालती हो. ती हलली नाही. मग चहा टाकला. दोघी प्यायलो. किती महिन्यांनी दुसरा कप निघाला मांडणीवरून.

२३ ऑक्टो.
उद्या सुनावणी. वकिलाला सांगितलं, चंद्रा येतेय. "बाई, ती लायसनच घालवेल. खुळ्या आहात का?" असेन. पण तिच्याशिवाय फुकट दिली हे सांगणार तरी कोण? ती आधी काय सांगेल, साहेब त्यातलं काय धरतील, माझं मलाही कळत नाही.
सकाळच्या बसला दोघी. चार भाकऱ्या थापल्या, ठेचा केला. तिला तिखट चालतं का, विचारायचं राहिलं.