मीठ, अडकित्ता आणि लाल गाडी

करंजाडे, पनवेल
२२ फेब्रुवारी २०१६

तीर्थस्वरूप शशिकलाताईंना किशोरीचा वाकून नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायचं असं ठरवूनच बसले, कारण हल्ली आपल्याकडे पत्र येतं ते लग्नाचं, नाही तर दुसरं ते. तुमचे गुडघे कसे आहेत? भावजी सकाळी चालायला जातात की नुसते बूट घालून ओट्यावर बसतात? फोनच केला असता, पण या घरात फोन एकटीला करता येत नाही. मी हॅलो म्हटलं की आई आतून विचारतात, "कोन हाय?" आणि तुमचे भाऊ टीव्हीचा आवाज बारीक करून टीव्हीकडेच बघत राहतात. म्हणून कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने गॅलरीत बसून लिहिते आहे. (कपडे केव्हाच वाळलेत.)

विषय तुमच्या भावाचाच आहे. त्यांनी गाडी घेतली आहे. जुनी, लाल, चार जाड चाकांची, वर छप्पर नाही, बाजूला दार नाही, स्टिअरिंगच्या जागी मोटरसायकलचं हँडल. मोटरसायकल आणि ट्रॅक्टर यांचं लग्न लावलं तर जे होईल ते. तिला नंबर नाही, रस्त्यावर न्यायची नाही, फक्त दगडधोंड्यांतून, चिखलातून आणि चढावरून न्यायची, म्हणजे जिथे शहाणा माणूस गाडी नेत नाही तिथेच. आणि ती घेतली आहे अशा माणसाने, ज्याच्या छातीत मागच्या श्रावणात मशीन बसवलं. तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसला होतात, वेगळं सांगायला नको. तर ताई, तुम्ही इकडे या, त्यांना चार शब्द ऐकवा आणि ती गाडी विकायला लावा. घरात ते कोणाला घाबरत असतील तर तुम्हाला.

मी स्वतः हल्ली सगळ्यालाच घाबरते. हे जिन्यात थांबले की घाबरते, फार पटकन चढले तरी घाबरते. बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला की दाराशी जाऊन विचारते, "अहो, साबण आहे ना?" आतून "आहे" आलं की परत येते. या बाईला साबणाची एवढी काळजी का, असं त्यांना वाटत असणार. पण "तुम्ही आहात ना?" असं दारातून कसं विचारायचं, तुम्हीच सांगा.

गाडीची जाहिरात यांनी मोबाईलवर पाहिली. गोव्यात किनाऱ्यावर पर्यटकांना असल्या गाड्यांवर फिरवणारा एक जण धंदा बंद करत होता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आपल्या शेतात हळू चालवायला हरकत नाही, पण गोव्यापर्यंत त्या रस्त्याने नको, फार धक्के बसतात. म्हणून आमच्या मोनालीने पुण्याहून विमानाची तिकिटं काढून दिली. रस्त्याचे धक्के नकोत म्हणून विमानाने गेलो, आणि गेलो ते धक्केच विकत घ्यायला. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "तू फार विचार करतेस."

यांचा जुना पण तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा विमानात बसायचं ते आपल्या पनवेलच्या विमानतळावरून. आमचं लग्न झालं तेव्हापासून तो विमानतळ पुढच्या वर्षी होतो आहे. त्या आशेवर आम्ही कधी उडलोच नाही. शेवटी पण मोडून मुंबईला गेलो.

निघायच्या सकाळी आईंनी तयारी केली. घरात नवी गाडी यायची तर किल्ली फिरवायच्या आधी आपल्या आगरातलं मीठ तिच्यावरून उतरवायला हवं, दुकानातलं चालत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपलं मिठागर भरावाखाली गेलं तेव्हा आईंनी शेवटच्या वाफ्यातलं मीठ बरणीत भरून ठेवलंय, त्याला त्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यातलं मूठभर काढलं, मोहरी आणि सुक्या मिरच्या घातल्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीत घट्ट गाठ मारली आणि पुरचुंडी यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात घातली. मी म्हटलं, बॅगेत ठेवू का? तर म्हणाल्या, "बॅगंला काय झालाय? त्याला झालाय. तितंच रव दे." म्हणजे मशीनच्या बरोब्बर वर. मशीनवाल्या माणसाने विमानतळावर दाखवायचं दवाखान्याचं कार्ड यांनी मुद्दाम घरी ठेवलं होतं. (गोव्याला चाललोय, ॲडमिट व्हायला नाही, असं म्हणाले.) ते मी गुपचूप माझ्या पर्समध्ये टाकलं. एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी कोणी केली असेल तर मी, असं तेव्हा वाटलं होतं.

ताई, तिथे तपासणीला बायकांची रांग वेगळी आणि पुरुषांची वेगळी. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. पर्स ट्रेमध्ये टाकायला लावली, ती रबरी पट्ट्यावरून त्या मशीनच्या तोंडात गेली. हे तिकडे गेले, मी पडद्याआड गेले. तिथली बाई बांगड्या, मंगळसूत्र, केसातला चाप सगळ्यावरून यंत्र फिरवत होती आणि ते प्रत्येक ठिकाणी ओरडत होतं. यांना लोखंडी चौकटीतून पाठवू नका, हाताने तपासा, एवढंच मला ओरडून सांगायचं होतं आणि मी हात आडवे पसरून उभी होते. हे चौकटीतून गेले, आतलं मशीन बंद पडलं आणि हे तिथेच खाली बसले, असं मी पडद्याआड उभ्या उभ्या पूर्ण पाहून घेतलं.

बाहेर येऊन बघते तर पलीकडे हे नाहीत.

चपला आहेत. (बूट नको, चपलाच बऱ्या, असं म्हणून त्याच घातल्या होत्या.) पट्टा आहे. ट्रेमध्ये चपला आणि पट्टा, आणि माणूस नाही. ताई, माणूस गेल्यावर दवाखान्यातून असंच सामान देतात.

मी पर्स घ्यायला धावले, कारण कार्ड त्यात. तर पर्स अडवून ठेवलेली. एका अधिकारी बाईंनी ती उघडली आणि त्यातून बाहेर काढला अडकित्ता. आपल्या आईंचा, पितळी मुठीचा. माझ्या नकळत त्यांनी तो आत सरकवला होता. आजारी माणसाच्या आसपास लोखंड असावं म्हणून श्रावणापासून तो यांच्या उशीखाली असतो, प्रवासात उशी नाही म्हणून माझ्या पर्समध्ये.

"ये क्या है?"

"सुपारी काटने का."

"आप सुपारी खाती हैं?"

"नहीं."

"आपके पति?"

"डॉक्टर ने मना किया है."

त्यांनी अडकित्ता उघडून मिटून पाहिला. मी म्हटलं, "सास ने रखा है." त्यावर त्यांचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. अडकित्ता ठेवून घेतला, पर्स दिली आणि विचारलं, पति कहाँ हैं? तेव्हा मला रडू आलं. मी नुसतं चपलांकडे बोट दाखवलं.

हे एका बाजूच्या खोलीत होते, धडधाकट. झालं होतं असं, की चौकटीपाशी यांनी स्वतःच हात वर करून सांगितलं, "साहब, मेरे अंदर मशीन है." (चुकलं काहीच नाही. पण विमानतळावर हे वाक्य कोणत्या शब्दांत म्हणावं याचा थोडा विचार करायला हवा होता.) तपासणाऱ्याने छातीला हात लावला तर खाली कडक उंचवटा आणि वर खिशात गाठ मारलेली चिंधी. चिंधी सोडली तर पांढरे खडे. क्या है? नमक. किसलिए? गाड़ी की नज़र उतारने के लिए. कौन सी गाड़ी? अभी ली नहीं. यावर ते सगळे गप्प झाले, आणि ते गप्प आहेत हे बघून तुमच्या भावाने, मीठच आहे हे पटवून द्यायला, त्यातला एक खडा उचलून तोंडात टाकला. तिघे जण त्यांच्या अंगावर धावून आले म्हणे.

मी कार्ड घेऊन पोचले. मोठ्या साहेबांनी ते उलटसुलट वाचलं, मीठ दुसऱ्या यंत्रात घालून पाहिलं, मग मीठ परत दिलं, मोहरी परत दिली, मिरच्या ठेवून घेतल्या. तिखट वर नेता येत नाही. मला वाटलं, आता हे चिडतील. पण यांनी मिठाची चिंधी पुन्हा बांधून डाव्या खिशातच ठेवली आणि अनवाणीच चालायला लागले. चपला मी घेतल्या.

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून यांचं मनगट धरलं होतं. (नाडी बघत होते, यांना वाटलं प्रेमाने.) जरा वेळाने हे म्हणाले, "आपलं आगर दिसेल असं वाटलं होतं." मी डोळे उघडले. खाली खाडी होती, मातीचा भराव होता, आगर नव्हतं. हे खिडकीला कपाळ टेकून बसले होते आणि तसंच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "किशोरी, आपट्याला गावातून शेतावर चालत जायला मला भीती वाटते. ओढ्याच्या पुढचा चढ लागतो ना, तिथे वाटतं, इथेच राहिलो तर कोणाला कळणार."

तुम्हाला आठवत असेल, दवाखान्यातून आल्यापासून हे शेतावर गेलेच नव्हते. आज काम आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा ऊन आहे. राखणदाराला फोन करून मोहोर किती आला ते विचारायचे आणि मग जेवताना त्यांचं ताटात लक्ष नसायचं. मला वाटायचं, कंटाळा करतात, आणि खरं सांगायचं तर त्या कंटाळ्याने मला हायसं वाटायचं. इतके महिने एका घरात आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकांना चुकवत होतो. मी यांचं मनगट मात्र सोडलं नाही.

गाडीचा मालक गोड बोलणारा होता. म्हणाला, "काका, नव्यासारखी आहे. एकदम जपून वापरलीय. पाण्याजवळ नेलीच नाही कधी." हे चाकं बघून झाल्यावर जमिनीवर आडवे झाले (माझा जीव गेला, उठेपर्यंत परत आला नाही), खालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि ते चाटलं.

"समुद्रात उभी होती," हे म्हणाले. "धुतली पण नाही."

मालक म्हणाला, "काका, तुम्ही मेकॅनिक काय?"

"नाही. मिठागरवाला."

मग त्याने भाव उतरवला, आणि खालचा गंजलेला पत्रा बदलून द्यायचंही कबूल केलं. दृष्ट काढायला मिरच्या त्याच्याच स्वयंपाकघरातून आणल्या. न्हावा शेवाला जाणाऱ्या एका ट्रेलरवर गाडी चढवली, आणि आता ती आपट्याच्या शेडमध्ये उभी आहे. आई रोज विचारतात, "चालतं का ते लाल जनावर?" आणि मी घाबरते.

तर ताई, लवकर या. आईंची तब्येत उत्तम आहे. अडकित्ता कुठे गेला हे त्यांनी विचारल्यावर, मोनालीने शोभेसाठी मागून घेतला असं सांगितलं आहे, तेवढं सांभाळून घ्या. भावजींना नमस्कार.

तुमची,
किशोरी

ता. क. गाडी विकायला लावा असं वर लिहिलंय ते खोडायला हवं, पण कागद खराब दिसेल म्हणून राहू देते. विकायची नाही. रविवारी हे तिच्यावरून शेतावर गेले आणि मी मागे बसले होते. सगळं गाव बघत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे नवराबायको असे चिकटून कुठे बसतात? ठमाबाई तर पाण्याची कळशी खाली ठेवून बघत राहिल्या. आता हे म्हणतात, पुढच्या रविवारपासून तू त्रास घेऊ नकोस, मी एकटा जाईन. म्हणून काम एवढंच, की शनिवारी तुम्ही फोन करायचा आणि तुमच्या त्या आवाजात सांगायचं, "शैल्या, बायकोला मागे बसवल्याशिवाय किल्ली लावायची नाही." तुमचं म्हणून सांगायचं, माझं नाव नको. मी मागे बसते तेव्हा माझा उजवा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे, डाव्या खिशापर्यंत पोचतो. गाडी एवढी धडधडते की इंजिन कुठलं आणि हे कुठले, काही कळत नाही. पण ओढ्याशी चढ लागायच्या आधी हे गाडी बंद करून जरा थांबतात. तेव्हा कळतं.

ता. क. मिरच्या गोव्याच्या होत्या हे आईंना कळता कामा नये.

ता. क. येताना साबण आणू नका. मी सारखी विचारते म्हणून यांनी खोकाच आणून ठेवला आहे. आणि या आठवड्यापासून हे अंघोळ झाल्यावर, पाणी बंद करून अंग पुसताना, गाणं म्हणायला लागलेत. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, आवाजही नाही. मी दाराशी जाणं बंद केलंय.