खोक्यांवरची पाच मूळ चित्रं

१२ मे १९९३, बुधवार. दुपारी ३ वाजून १० मिनिटे.
गिरधरनानांच्या पेंटिंगच्या दुकानात वैद्यांच्या बोर्डावर ‘नाडीपरीक्षा’ रंगवत होतो. (वैद्यांनी ‘परिक्षा’ लिहून दिलं होतं. सुधारलं.) तेवढ्यात पोस्टमन आला. नाशिकच्या चित्रकला संस्थेचं पत्र. दहावी नापास चालेल. मुलाखत ५ जून, सकाळी अकरा. सोबत स्वतः काढलेली पाच मूळ चित्रं आणावीत, छापील चालणार नाहीत.
माझ्याकडे बरोबर पाच आहेत. म्हणजे धुळ्याला छगनशेठकडे आहेत. शेठ टीव्ही गेम जुळवून विकतात. त्यांच्या खोक्यांवरची चित्रं दोन वर्षांपूर्वी मी काढली. प्रवेश झाल्यातच जमा.

१३ मे
तोताराममामा आले होते. म्हणाले, नाशिकचं जमलं नाही तर दहा जूनपासून सावद्याला ये, केळीच्या वॅगनवर घड मोजायला माणूस पाहिजे. मी नम्रपणे सांगितलं की माणूस दुसरा बघा. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही.
नानांना पत्र दाखवलं. म्हणाले, “नवा काढी टाक ना भो पाच. हात शे ना?” नाना चांगले आहेत, पण बोर्डवाले आहेत. मूळ चित्र एकदाच होतं.

१६ मे
पत्र्याच्या पेटीतून पाचही खोकी काढून पुसली. सेनापती, बॉक्सर, रणगाडा, अंतराळयान, वाघ. सेनापतीच्या दंडावरच्या शिरा मोजता येतात. खुद्द गेममध्ये तो चार चौकोन आणि एक ठिपका आहे. शेठकडे टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिवसभर जेवण गेलं नव्हतं. शेठ म्हणाले होते, “गिऱ्हाईक डबा पाहून पैसे देतं रे. टीव्ही घरी जाऊन लावतं.”
खोक्यावर शिरा थोड्या अस्पष्ट आहेत. मूळ चित्रात स्पष्ट आहेत. शेठना पत्र टाकलं.

२० मे
उत्तर नाही. स्वतः धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर दुकान तेच, पण आता शेठ मिक्सर विकतात. म्हणाले, चित्रं खोकी छापणाऱ्या अमळनेरच्या प्रेसवाल्याकडे राहिली असतील. शोध योग्य दिशेने चालू आहे.

२२ मे
अमळनेर. प्रेसवाले अभिमनभाऊ म्हणाले, शेठच्याच माणसाने नेली, सही आहे. सही खरंच आहे. परतीच्या एसटीत उभं राहून आलो.

२४ मे
नानांनी न विचारता पाच कोरे हार्डबोर्ड कापून ठेवले. ऑइल पेंटचे डबेही उधार दिले. म्हणाले, “बारा दिवस शेत अजून.” (अहिराणीत शेत म्हणजे आहेत.) त्यांचं मन राखायला बोर्डांना पांढरा हात दिला. पुढे काही केलं नाही. मूळ सापडली की हे लागणार नाहीत.

२८ मे
झोप नाही. कोऱ्या बोर्डांसमोर बसलो. सेनापतीचा अंगठासुद्धा जमेना. ही थकवा आल्याची खूण आहे, विश्रांती घेतली.

३० मे
शेठच्या घरीच गेलो. चित्रं सापडली.
खिडकीत कूलर बसवलाय. त्याच्या भोवतीच्या फटी बुजवायला माझ्या चित्रांचे पाचही बोर्ड खिळ्यांनी ठोकलेत. शेठच्या पत्नी कुंदाबाई कौतुकाने म्हणाल्या, “चांगली बाजू बाहेर केली हो भाऊ, लोकांना दिसावी म्हणून.” त्याच बाजूला दोन उन्हाळे कूलरचं पाणी उडालं. मी पोस्टर कलर वापरले होते. ऑइल पेंट सुकायला वेळ लागतो म्हणून. बॉक्सरचा एक हातमोजा शिल्लक आहे. सेनापतीचा बूट असावा, किंवा रणगाडा.
तरी मूळ ते मूळ. मागितली. बाई म्हणाल्या, “न्या ना. पण भोक बुजवून द्या. यांना बीपी आहे, झळ सोसत नाही.”

१ जून
नानांचे पाच बोर्ड आणि रंगाचे डबे घेऊन पुन्हा धुळे. ठोकून दिले. बाई लांब उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “दवाखान्यासारखं दिसतं. दोन फुलं तरी काढा.” ठीक आहे, तासाभराचं काम. मग इथेच बसून मूळ चित्रांची दुरुस्ती. शेठच्या गच्चीवर झोपण्याची सोय झाली आहे.

३ जून
फुलं झाली. मग पोपट मागितला. मग तापीचा पूल. मग त्यांच्या माहेरचं केळीचं शेत, विहिरीवर त्यांच्या आई, भिकुबाई. फोटो नव्हता. बाई सांगत गेल्या, मी काढत गेलो. नाक झालं तेव्हा त्या उठून आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या.
माझी दुरुस्ती मागे पडते आहे.

४ जून
पाचवा बोर्ड म्हणजे पोळ्याचे बैल. तोही झाला. गल्लीतल्या बायका खिडकीखाली जमल्या होत्या. शेठ म्हणाले, “डब्यावरच्यांपेक्षा ही बरी शेत.” मनाला लागलं.
मूळ चित्रांवर ब्रश टेकवला की हार्डबोर्डचे पापुद्रे निघतात. तशीच नेणार. जाणकाराला अवशेषही पुरतात.

५ जून
नाशिक. तिघे परीक्षक होते. त्यांनी पाचही बोर्ड उलटसुलट करून पाहिले. मी शिरा कुठे होत्या ते दाखवलं. मधले गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी विचारलं, “अलीकडे काही काढलं नाही का तुम्ही? काहीही चालेल.”
मी खरं तेच सांगितलं. गेले तीन आठवडे वेळच मिळाला नाही.

६ जून, रविवार. पिंप्राळा, घरी.
खर्च: एसटी, सगळे प्रवास, १७४ रु. चहा, खाणं ३१ रु. खिळे ३ रु.
देणे: गिरधरनाना, बोर्ड व ऑइल पेंट १४५ रु. तोताराममामा, दहा तारखेचं सावद्याचं तिकीट ९ रु.
येणे: कुंदाबाईंनी पाच चित्रांचे पन्नास रुपये देऊ केले होते. ती चित्रं नव्हेत म्हणून घेतले नाहीत.