अर्थिंगची वायर

३ मार्च १९७६
लाइनचं व्होल्टेज मोजायचा मीटर तयार. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. पुस्तक म्हणतं, लाइन आणि मीटर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर टाका. डब्यात मावला नाही. पुस्तकं घाबरटांसाठी असतात. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, म्हणून डब्यापासून वायर काढून खिडकीतून बोळातल्या नळाच्या पाइपला बांधली. अर्थिंग झालं. बायको, दाक्षायणी, म्हणाली, नळाला कशाला? हिला सायन्स समजावण्यात अर्थ नाही.

५ मार्च
नळावर शेजारच्या गौरम्मांना शॉक. कळशीला पोचा. सगळ्यांचा संशय बोळातल्या चन्नवीरच्या यंत्रमागांवर, कारण मागांची मोटार नळाशेजारी. मला विचारलं. शक्यता नाकारता येत नाही, असं म्हणालो. नाहीच येत. वायरचा विचार आला होता, पण ती मी स्वतः बांधलीय.

७ मार्च
बोळाने चन्नवीरचे माग बंद पाडले. मला जेवण गेलं नाही. आमटी खारट आहे म्हणालो. नव्हती. रात्री वायर सोडून ठेवली. आता आपोआप मिटेल.

८ मार्च
उलटंच झालं. माग बंद, शॉकही बंद. सगळ्यांना पुरावाच मिळाला. चन्नवीर घरी आला. साहेब, तुमाला विजेतलं कळतंय, तुमी सांगितलं तर ऐकतील की, म्हणाला. चादरींची ऑर्डर अडकलीय, पोरीचं लग्न तोंडावर. खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला अजून एक बिस्किट घ्या म्हणालो. लाज वाटली.

९ मार्च
उपाय सापडला. माग बंद असताना वायर परत बांधायची. कुणाला तरी शॉक बसेल, चन्नवीर सुटेल. माझं नाव मध्ये येण्याचं कारणच नाही.

१० मार्च
बसला. चन्नवीरलाच. घागर टाकून हसत सुटला. माग बंद हाय तरी बसला की, म्हणून सगळा बोळ गोळा केला. माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, साहेब, तुमी साक्षीला हाय.
तेवढ्यात दाक्षायणी प्लग काढून डबा घेऊन बाहेर आली. वायर मागून लोंबत, थेट नळापर्यंत. डबा ह्यांचा हाय, चन्नवीरअण्णा, एवढंच म्हणाली. त्याने माझे हात सोडले.

१४ मार्च
माग सुरू झाले. पाणी आता मी भरतो, गौरम्मांचंसुद्धा. रांगेत कुणी बोलत नाही. चन्नवीर तेवढा म्हणतो, साहेब, तुमी आधी भरा. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
ट्रान्सफॉर्मर टाकायचा तर मोठा डबा लागेल. दाक्षायणीकडे मागायची हिंमत नाही.